सत्तेचाळीस नंबर

मे महिन्यात नांदेडला सगळ्यात थंड जागा म्हणजे इन्क्युबेटर.
बाहेर चव्वेचाळीस, आत सदतीस.
मशनाजीमामा दुपारी त्याला पाठ टेकून बसायचे,
म्हणायचे, तुझे जंतू सुखात हायेत बाई.

रांजण मला त्यांनीच शिकवला.
आतून हात फिरवला की जे बुळबुळीत लागतं,
ते पाण्यात नसतं, भिंतीला धरून असतं,
पाणी ओतून दिलं तरी मागं राहतं.
त्यांची आई चिंचेचा पाला घासायची, राख घासायची,
चार दिवसांनी पुन्हा तेच.
यावर मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिलं,
इंग्रजीत, एकवीस पानं.
रांजण त्यात कुठेच आला नाही.

एकटा जंतू औषधाला भितो.
भिंतीला टेकला, शेजार मिळाला,
की ते एकमेकांत काहीतरी सोडत राहतात,
वासासारखं, निरोपासारखं:
किती झालो? किती झालो?
पुरेसे झाले की वर लाळेचं छप्पर घालतात.
मग औषध त्यावरून निघून जातं,
पत्र्यावरून पाणी जावं तसं.

आमचा रेणू लहान.
कागदावर काढला तर दोन षटकोन आणि एक शेपूट.
तो कुणाला मारत नाही.
निरोप जिथे उतरायचा
तिथे आधीच जाऊन बसतो,
एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा.

छप्पन्न करून पाहिले.
शहाण्णव खळग्यांची ताटली, त्यात जांभळा रंग, मग धुणं.
जिथे जांभळं उरलं तिथे वस्ती झाली.
पंचेचाळीस जांभळा.
शेहेचाळीस, बोटाला लागेल इतका जांभळा.
सत्तेचाळीसची ताटली मामांनी खिडकीपाशी धरली
आणि विचारलं, ही वापरलेली हाय का कोरी?

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये भजी माझ्याकडून.

ऑगस्टमध्ये मामांची लघवी तुंबली.
विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नळी घातली,
ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत राहू द्या म्हणाले.
तारीख सात आठवड्यांनंतरची.
तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप.
नळी बदलली. जुनी, नमुना म्हणून, आमच्याकडे आली.
पिशवीवर नाव नव्हतं,
वॉर्ड, खाट, पुरुष, एकोणसाठ.
मी ब्लेडनं ती उभी चिरली.
आत रांजण होता.

संध्याकाळी गेले भेटायला.
पदमीनबाई खाटेखाली चवाळं अंथरून बसलेल्या.
त्या पाणी आणायला उठल्या तेवढ्यात
मामांनी आवाज खाली घेतला:
"ते सत्तेचाळीस नंबरचं फ्रीजात हाय की, खालच्या कप्प्यात.
मीच ठिवलंय.
थोडं आणून नळीला लाव. कुणाला कळूलालंय?"

मी म्हणाले, मामा, अजून उंदरावर नाही झालं.
आधी उंदीर, मग ससे, मग माणसं, मग परवानगी,
दहा वर्षं. बारासुद्धा.
ते हसले. हसताना पिशवी हलली.
"मग उंदराच्या आधी माझा नंबर लाव.
त्याच्यापेक्षा जास्त ताटल्या धुतल्यात मी."

रात्री प्रयोगशाळेत फ्रीज उघडला.
बाटलीवर मामांच्या अक्षरातली पट्टी:
४७. कामाचं हाय. सांडू नये.
हातात धरून उभी राहिले,
फ्रीज ओरडायला लागेपर्यंत.
मग ठेवली. दार लावलं.

अठरा उंदरांचा अर्ज भरायला बसले.
'हेतू' या रकान्यात हातून लिहिलं गेलं: रांजण.
खोडलं.

सिंकमध्ये आठवड्याच्या ताटल्या साचलेल्या,
मामांच्या जागी अजून कुणी नाही.
बाह्या वर केल्या, हात आत घातला.
सिंकच्या कडेला, आतून,
बोटांना लागलं.